वहीवाली

वाराणसीच्या घाटांवर पूर्वी चार प्रकारची माणसं बसत. श्राद्धाला आलेली, फोटोला आलेली, मोक्षाची वाट बघणारी आणि घरी ज्यांची कोणी वाट बघत नाही अशी. अलीकडे पाचवा प्रकार आला आहे. वय एकोणीस ते बावीस, खांद्याला झोळी, झोळीत तीन वह्या, कानांत काळपट चांदीरंगाचे झुमके, आणि चेहऱ्यावर असा भाव की भगीरथाने गंगा खाली आणली ती हिच्या मनातल्या उलथापालथीला मागे काहीतरी वाहतं दिसावं म्हणून. नावाडी तिला ‘कॉपीवाली दीदी’ म्हणतात. मी वहीवाली म्हणते.

वहीवाल्या पुष्कळ आहेत. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या महिला महाविद्यालयात आहेत, कमच्छाच्या वसंत कन्या महाविद्यालयात आहेत, थेट राजघाटाच्या वसंता कॉलेजातूनही येतात. माझ्या वाट्याला आलेली वहीवाली नागपूरची. बीए, मानसशास्त्र. तिच्या आईची मैत्रीण माझी मावसबहीण, एवढ्या नात्यावर ती रविवारी माझ्याकडे वरणभाताला येते. काशीतली जुनी मराठी बिऱ्हाडं दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या अंगाला. आमचं घर बंगाली टोल्यात. तिथून मुन्शी घाट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे चिंतन घाटावर आणि जेवण काकूंकडे, अशी तिने सोयीची वाटणी केली आहे.

घाट निवडायला तिला पहिलं अख्खं सत्र लागलं. अस्सीवर जागोजाग कवी. तिथे वही उघडली की शेजारचा गृहस्थ स्वतःचीच कविता ऐकवायला लागतो. मणिकर्णिकेवर फार सोपं पडतं. समोर चिता जळत असताना मृत्यूवर चार ओळी कुणालाही सुचतात, तिच्या मते ते ‘चीटिंग’ आहे. दशाश्वमेधावर लाउडस्पीकर. अहिल्याबाई घाटावर ती आठवडाभर बसली. पण या बाईने देशभर घाट, देवळं, विहिरी बांधल्या आणि आपली साधी असाइनमेंट अजून द्यायची आहे, या विचाराने तिला कसंसंच व्हायला लागलं. मग ती थोडी पुढे सरकली आणि मुन्शी घाटावर स्थिरावली. ‘काकू, इथली एनर्जी बॅलन्स्ड आहे.’ दुपारनंतर तिथे मागच्या उंच वाड्यांची सावली पडते, मोबाइलला रेंज असते आणि चहावाला रिकामा कुल्हड घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवत नाही. या तिन्हींचा त्या एनर्जीशी काही संबंध असावा.

पुढे तिला कळलं की ज्यांच्या नावाचा हा घाट, ते श्रीधर नारायण मुन्शी नागपूर संस्थानचे मंत्री होते. झालं! त्या दिवसापासून तो ‘आमच्या नागपूरचा घाट’ झाला. त्यांचा इथला वाडा पुढे दरभंग्याच्या राजाकडे गेला, शेजारचा घाट त्याच्या नावाचा झाला आणि आता त्या वाड्यात भारी हॉटेल आहे, हे तिला ठाऊक आहे. पण वारसाहक्क असा विक्रीखताने जात नाही, असं तिचं मत. त्या हॉटेलातली कॉफी तिने व्हिजन बोर्डावर चिकटवली आहे. एका बाजूला ‘पीएचडी’, दुसऱ्या बाजूला ‘आईला माफ करणं’ आणि मधे कॉफी.

आईला माफ कशाबद्दल करायचं, ते मात्र अजून ठरायचं आहे.

हीच तिची खरी व्यथा. वडील वीज मंडळात, आई शाळेत, धाकटा भाऊ हिला टरकून असतो. घरात कोणी कोणाला मारलं नाही, टाकून बोललं नाही, कलाशाखेला जाते म्हटल्यावर वडिलांनी फॉर्मचे पैसे भरून वर रिझर्व्हेशनही करून दिलं. अशा घरातून आलेल्या मुलीने लिहायचं काय? मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला बालपणावरचा धडा आला, तसा तिने मुन्शी घाटाच्या पायरीवरून फोन लावला. ही हकिगत तिनेच मला सांगितली, दोन्ही आवाज काढून.

‘आई, मी लहान असताना तू मला कधी इमोशनली एकटं सोडलं होतंस का?’

‘हो. कुकरच्या शिट्ट्या मोजत होती तेव्हा. काय झालं? पैसे संपले काय?’

‘तू मला सिरियसली घेतच नाहीस.’

‘घेऊन राहिली ना. जेवली काय तू?’

त्या रात्री वहीत नोंद झाली: ‘माझ्या प्रत्येक भावनेला या घराने अन्नाने उत्तर दिलं.’ हे वाक्य तिने मला चौथी पोळी खाताना वाचून दाखवलं.

तीन वह्यांची कामं वेगळी. पहिलीत जे वाटतं ते. दुसरीत जे वाटतं ते, पण तुटक ओळींत. तिसरी कृतज्ञतेची, रोज तीन गोष्टींचे आभार मानायचे. सुरुवातीला त्यात गंगा, आई आणि सूर्योदय असे. (सूर्योदय तिने काशीत आल्यापासून पाहिलेला नाही, मेसचा नाश्तासुद्धा तिची एक मैत्रीण रुमालात बांधून आणते.) महिन्याभरात वही प्रामाणिक झाली: ‘आज भेंडी नव्हती. टोटोवाल्याने सुटे पैसे दिले. त्याने रिप्लाय केला.’

हा ‘तो’ भूगर्भशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. वहीवालीने ‘रसीदी टिकट’ हे आत्मचरित्र हिंदीतून वाचल्यापासून आयुष्याची मांडणी त्यातल्या साहिर आणि इमरोज अशा दोन कप्प्यांत केली आहे. या मुलाला साहिरच्या कप्प्यात घातला, कारण तो बोलत नाही. तो न बोलण्याचं कारण मला वेगळं वाटतं. एका संध्याकाळी तिने त्याला मुन्शी घाटावर बसवून विचारलं, ‘मैं तुम्हारी कौन हूँ?’ तो बराच वेळ पायरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘ये चुनार का सैंडस्टोन है.’ माहिती अगदी बरोबर. काशीचे घाट चुनारच्याच वालुकाश्माचे. पण तिने त्यावर ‘पाषाण’ नावाची आठ कवितांची मालिका लिहिली. त्याने ती वाचली आणि तिसऱ्या कवितेतली एक चूक दाखवली, तिथे तिने बेसाल्ट लिहिलं होतं. नागपूरकडची असूनही बेसाल्ट कुठे असतो हे तिला माहीत नाही, याचंच त्याला दुःख झालं. मला विचाराल तर पोरगा वाईट नाही. इमरोजच्या कप्प्यातही बसला असता, पण तो आधी पायरी कशाची आहे ते बघेल.

रविवारी दुपारी घाटावर मंडळ भरतं. सातआठ मुली गोल करून बसतात. एक दरभंग्याची, त्यामुळे शेजारच्या घाटावरून सीमावाद कायम. एक बंगाली, तिला काहीही वाचलं की रवींद्रनाथांनी ते आधीच लिहिल्याचं आठवतं. एक केरळची, ती इंग्रजीत लिहिते आणि मल्याळममध्ये रडते. एक बलियाची, ती फारसं बोलत नाही. आमची वहीवाली प्रॉम्प्ट देते. लिहायला सुरुवात करून देणारं वाक्य म्हणजे प्रॉम्प्ट, एवढं मीही आता शिकले आहे. ‘तुमचं शरीर घर असेल, तर त्यातली कुठली खोली बंद आहे?’ मग दहा मिनिटं शांतता. म्हणजे काशीत जेवढी मिळते तेवढी. ‘बोटिंग, मैडम?’ असं विचारत दोघंतिघं येऊन जातात. थंडीच्या दिवसांत पाण्यावर आलेल्या पक्ष्यांना शेव टाकत नावांमधले प्रवासी ‘आओ, आओ’ ओरडत असतात. त्या गदारोळात बंद खोल्या उघडतात.

मी एकदा म्हटलं, ‘एकनाथांनी भागवत याच काशीत पुरं केलं, 1573 साली. त्यांना कोणी प्रॉम्प्ट दिला होता?’

‘अकरावा स्कंध हाच प्रॉम्प्ट होता ना, काकू.’

या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

त्या बंद खोलीच्या दिवशी बलियाच्या मुलीने तीनच ओळी लिहिल्या. घरी ती आणि आई चुलीपाशी उभ्यानेच जेवतात, कारण आत बसलेला भाऊ कधी आणखी एक पोळी मागेल याचा नेम नाही. संपलं. बंगाली मुलीला रवींद्रनाथ आठवले नाहीत. आमची वहीवाली तिथून थेट माझ्याकडे आली ती तोंड पाडूनच. मला वाटलं, पोरीला त्या दुसरीचं दुःख लागलं. लागलंही असेल. पण ताटावर बसता बसता ती म्हणाली, ‘काकू, तिच्याकडे केवढं मटेरियल आहे!’

मी विचारलं, ‘तुलाही उभ्याने वाढू का?’

ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. त्या दिवशी तिने ताट स्वतः घासलं. याचा उल्लेख वहीत झाला की नाही, मला माहीत नाही.

लिहिल्याने तब्येत सुधारते, याला तिच्याकडे शास्त्राधार आहे. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 साली एका सहकाऱ्याबरोबर कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना रोज पंधरा मिनिटं, लागोपाठ चार दिवस लिहायला बसवलं. काहींना फुटकळ विषय दिले, काहींना मनाला लागलेला प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्यातली भावना दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. गंमत अशी की लिहून होताक्षणी त्यांना बरं नव्हे, उलट जास्तच वाईट वाटत होतं. वहीवालीला हा दुसरा भाग फार आवडतो. पेनेबेकरांनी चौथ्या दिवशी थांबवलं होतं, हा पहिला भाग ती विसरते. हिचं तिसरं वर्ष चालू आहे आणि दवाखान्याच्या फेऱ्याही, पण त्या पित्तामुळे. टमाटर चाटवर कुणी प्रयोग केल्याचं ऐकिवात नाही.

चेष्टा मी पुष्कळ करते, पण एका ठिकाणी करत नाही. पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात ही पोरगी माझ्याकडे येऊन नुसता भात चिवडायची. झोप नाही, वर्गात जाणं नाही, घरी फोनवर ‘मस्त आहे’. तेव्हा तिला समुपदेशक बाईंकडे जायचं होतं, पण तोंड उघडलं की रडू येई. शेवटी तिने सगळं वहीत लिहिलं, वही बाईंच्या टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसली. बाईंनी वाचलं. मग दोघी बोलल्या. त्या वहीत एकही कविता नव्हती, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, आणि ती एकच वही तिने आजवर कुणाला वाचून दाखवलेली नाही.

मागच्या दिवाळीत मी तिला ‘कळ्यांचे निःश्वास’ दिलं. विभावरी शिरूरकरांचं, 1933 सालचं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं सरळ लिहिलं म्हणून तेव्हा केवढा गहजब झाला. ही बाई कोण, बाई आहे की पुरुष, इथपर्यंत चर्चा. टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, आणि नाव उघडं पडलं तर काय होईल याची त्यांना खरी भीती होती. वहीवालीने पुस्तक एका रात्रीत संपवलं. सकाळी डोळे लाल. ‘काकू, 1933! यांच्या होस्टेलातही हेच चाललं होतं?’ मला आनंद झाला. तो अर्धा तास टिकला, कारण मग तिला टोपणनाव हवंसं झालं. आठवड्यात चार नावं झाली. शेवटच्या नावाने इन्स्टाग्रामवर गुप्त खातं उघडलं, पूर्ण निनावी, आणि त्याची लिंक मला, आईला, भावाला, मंडळातल्या सगळ्यांना आणि त्या भूगर्भवाल्याला पाठवली. खाली लिहिलं, ‘प्लीज कोणाला सांगू नका.’ सांगायला कोणी उरलंच नव्हतं. आईने पहिल्याच कवितेखाली लिहिलं, ‘छान. जेवण वेळेवर करत जा.’ निनावी कवयित्रीचं बिंग तिथल्या तिथे फुटलं.

त्या खात्यावर माझ्यावरही एक कविता आहे. तीत मी एक वृद्ध खिडकी आहे. खिडकीला गज आहेत, गजांना गंज आहे आणि आतून वरणाला फोडणी दिल्याचा वास येतो. वास खरा आहे. गज माकडांसाठी बसवलेत, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण कवितेत माकडं आणली तर वेदना कमी होते म्हणाली.

या वह्यांचं खरं काम काय, ते मला उशिरा लक्षात आलं. आमच्या घाटावर मुलगा तासन्‌तास नुसता बसू शकतो. गुडघ्यात डोकं घालून बसला तर दार्शनिक, आडवा झाला तर बनारसी. एकटी मुलगी नुसती बसली की पाच मिनिटांत कोणीतरी काळजी करायला येतो. ‘अकेली हो? कोई आ रहा है? सब ठीक है?’ काळजीवाल्यांच्या मागून दुसरे येतात, त्यांना काळजी नसते. तीच मुलगी मांडीवर वही आणि हातात पेन घेऊन बसली, की तिचं तिथे काहीतरी काम आहे असं सगळे धरून चालतात. सर्वे असेल, परीक्षेची तयारी असेल, सरकारी काहीतरी असेल. लोक दोन पायऱ्या सोडून बसतात. आमची वहीवाली अर्धा वेळ काहीही लिहीत नाही. पेनाचं टोपण उघडं ठेवते आणि पाण्याकडे बघते. कुणी जवळ सरकलं की खाली मान घालून ‘मी, मी, मी, मी’ असं ओळभर लिहिते. ती पानं मी पाहिली आहेत. पूर्वी मला तो आत्मशोध वाटायचा. तो परवाना आहे.

वहीवालीचं महिला महाविद्यालय 1929 पासून आहे आणि त्याला फाटकाच्या वेळाही आहेत. 2017 च्या सप्टेंबरात छेडछाडीच्या विरोधात विद्यापीठातल्या मुली लंका भागातल्या सिंहद्वारापाशी ठाण मांडून बसल्या, दोन दिवस हटल्या नाहीत, रात्री लाठ्या चालल्या, तेव्हा आमची वहीवाली नागपुरात शाळेत होती. पण त्या रात्रीवर तिची मोठी कविता आहे आणि ती ‘आम्ही’ने सुरू होते. हा ‘आम्ही’ तिला सीनियर मुलींकडून मिळाला, त्यांना त्यांच्या सीनियर मुलींकडून. मी तो खोडायला सांगितला नाही. फाटकाची वेळ गाठायला तीही गोदौलियाच्या गर्दीतून झोळी सांभाळत धावतेच. मग टोटोत बसल्यावर मला मेसेज: ‘पोचतेय. आज खूप मोकळं वाटलं. डबा तुमच्याकडेच राहिला.’

पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट बंद होते. त्या दिवसांत तिचे अस्तित्वाचे प्रश्न वसतिगृहाच्या गच्चीवर असतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांमुळे ते फारसे खोल जात नाहीत. पाणी ओसरलं की पायऱ्यांवर पुरुषभर गाळ, तो पंपाने धुऊन काढेपर्यंत ही माझ्या डोक्यावर बसते.

यंदा गाळ निघाल्यावर ती पहिल्यांदा घाटावर गेली, तेव्हा तिथला एक म्हातारा नावाडी तिची वाटच बघत होता. दोन वर्षं त्याने रोज विचारलं होतं, ‘का लिखत हऊ, बहिनी?’ आणि तिने रोज सांगितलं होतं, ‘बस, ऐसे ही.’ त्यावरून त्याने अंदाज बांधला की ही अर्जनवीस आहे, फक्त अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. त्याच्या नावेच्या परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं. त्याने कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी हिच्यासमोर ठेवली.

वहीवाली दोन दिवस बसली. त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं: बाप काय करायचा, डिझेलचं इंजिन काढून सीएनजीचं कधी बसवलं, मोठी क्रूझ आली तेव्हा लाटेने नाव कशी हलते, धाकटा मुलगा सुरतेला का गेला. मग दोन पानी अर्ज तयार झाला. नदी होती, आजोबा होते, वल्ह्याने पडलेले घट्टे होते. तिने तो पायरीवर उभं राहून वाचला. म्हाताऱ्याने गमछ्याने डोळे पुसले, शेजारच्या दोघांनी मान हलवली. मग तो म्हणाला, ‘सब ठीक हौ, बाकी नाव क नंबर कहाँ हौ?’

नंबर नव्हता. तारीख नव्हती. कशासाठी अर्ज आहे तेही नव्हतं.

तिने तिथेच दुसरा अर्ज लिहिला, सहा ओळींचा, नंबरासकट. तो मंजूर झाला. आधीची दोन पानं तिने एका हिंदी मासिकाकडे पाठवली, ती महिन्याभरात साभार परत आली. तिचं म्हणणं, तिथेही नावेचा नंबर घालायला हवा होता.